वरचं जाते, खालचं येते

टॅक्सीवाला तिसऱ्यांदा हॉर्न वाजवत होता आणि आई दारातून हलायला तयार नव्हती. पप्पांनी दोन्ही बॅगा डिकीत कोंबल्या होत्या. पिंकी, माझी धाकटी बहीण, माझी पाण्याची बाटली धरून जिन्यात उभी होती. कसारा घाट जाम असला तर विमान चुकणार, ही मला भीती. बुटाची लेस बांधता बांधता मी म्हटलं, "चल आई, जाते."

झालं. आईनं दाराच्या चौकटीला हात लावून वाट अडवली. "जाते नाय म्हणायचं. येते म्हण."

आता हे मला माहीत नव्हतं का? आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा दुकानात निघालं तरी येतो म्हणतं. पण त्या दिवशी मला असा काही राग आला की विचारू नका. सत्तावीस वर्षांची घोडी मी, जपानच्या कारखान्यात नोकरीला निघालेली, कॉलनीतली पहिली पोरगी, आणि ही बाई मला शब्द शिकवतेय. मी म्हटलं, "जाते म्हणजे जातेच आहे ना मी? खोटं कशाला बोलू?" आणि तिचा हात बाजूला करून धाडधाड जिना उतरले.

मागून ती काहीतरी म्हणाली. हॉर्नच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. नऊ वर्षांत मी ते कधी विचारलंही नाही.

हे मी मागे राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. आता हे सगळं एका गेमपासून सुरू झालं असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. मीही बरीच वर्षं हसून सांगायचे.

मी सातवीत होते. पप्पा रेल्वेत, इगतपुरीला ड्यूटी, आणि आम्ही नाशिकरोडला दोन खोल्यांत. पप्पांच्या एका साहेबांची बदली झाली. त्यांनी सामान आवरताना टीव्हीला जोडायचा एक गेम, दोन रिमोट आणि एकच सीडी पप्पांना देऊन टाकली. साहेबांचा भाऊ बोटीवर होता, त्यानं परदेशातून आणलेली. पप्पांनी ते सगळं ड्यूटीच्या पिशवीत, डब्याखाली घालून आणलं. लावून बघतो तर मारामारी नाही, गाड्या नाहीत. एक खेडं, एक विहीर, आणि लाल ओढणीची एक मुलगी. खाली चौकटीत भराभर अक्षरं उमटायची. आम्हाला वाटायचं चायनीज आहे.

पहिल्यांदा ती सीडी त्या मुलीचं नाव विचारायची. म्हणजे विचारत असावी, कारण समोर पाऊणशे अक्षरं मांडून गप्प बसायची. त्यातलं एक अगदी आपल्या मराठी तीनसारखं दिसायचं. मी तेच चारदा दाबलं. तीन तीन तीन तीन. म्हणून आमच्या मुलीचं नाव पडलं तिनी.

गोष्ट मी सांगायचे. अक्षर एक कळत नव्हतं, पण पिंकीला आणि आईला मी ठणकावून सांगायचे, हा असं म्हणाला, ती तसं म्हणाली. तिनीची आई घरात चुलीपाशी उभी असायची. जवळ गेलं की एक ओळ बोलायची आणि तिनीची तब्येत भरून यायची. मी सांगितलं, ती म्हणते, जेवून जा. त्यावर कोणाला शंका आली नाही. विहिरीपाशी एक म्हातारबुवा. तो तिनीला काहीतरी विचारायचा आणि दोन शब्द समोर यायचे, एक वर, एक खाली. खालचा दाबला की एक ओळ उमटायची, बाकी काही घडायचं नाही. वरचा दाबला की गावाची वेस उघडायची आणि तिनी निघायची, नदीचं पाणी कुणी अडवलं ते शोधायला. पिंकीनं विचारलं, हे दोन काय आहेत? मी ऐटीत म्हटलं, "वरचं जाते, खालचं येते."

कुठून आणलं मी ते? कुठून नाही. वरचं दाबल्यावर जाते, तर खालचं येते असणार, एवढंच माझं डोकं.

तो गेम पूर्ण करायला मला दीड वर्ष लागलं. सीडीवर ओरखडे, मध्येच अडकायची. मग मी टूथपेस्ट लावून धुवायचे आणि यंत्र उलटं करून चालवायचे. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत शेवट आला. तिनीनं पाणी सोडवलं आणि ती गावाला परतली. त्या दिवशी आई मुद्दाम हातातलं काम टाकून बघायला बसली होती. नदी वाहत होती, लोक नाचत होते, म्हातारबुवा विहिरीपाशी. तिनी घरात शिरली. चूल होती. आई नव्हती.

मी सगळं घर फिरवलं. मागचं परसदार बघितलं. "सीडी खराब आहे," मी म्हटलं. धुतली, पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. तीनदा केलं मी. पिंकी रडायला लागली. तिसऱ्या वेळी आई उठली आणि म्हणाली, "सीडी नाय खराब." आणि भात टाकायला आत गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात आईनं स्वतःचा खेळ सुरू केला. खेळ साठवायचं एक छोटं कार्ड होतं, त्यात तीन जागा. एक माझी, एक पिंकीची, तिसरी मोकळी. आई जिल्ह्याच्या एका कचेरीत आवक-जावक टेबलाला होती. आलेल्या कागदाला शिक्का, गेलेल्या कागदाला शिक्का. सायंकाळी घरी यायची, चहा प्यायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "द्या गं तो रिमोट." अर्धा तास. मग स्वयंपाक.

आम्ही पोट धरून हसायचो. कारण तिची तिनी गावाबाहेर पाऊलच टाकायची नाही. घरामागच्या चिखलात बेडूक मारायची, गावातल्या एका म्हातारीला पाणी भरून द्यायची, आईपाशी जाऊन 'जेवून जा' ऐकायची, झोपायची. मग विहिरीपाशी जायची आणि म्हातारबुवानं विचारलं की आई शांतपणे खालचं दाबायची.

"अगं आई, वरचं दाब ना! त्याशिवाय ती निघत नाही."

"वरचं म्हणजे जाते ना? तूच सांगितलंस."

"मग?"

"मग मी नाय म्हणणार जाते. येतेच म्हणणार."

"पण येते म्हटलं की ती जातच नाही!"

"नाय जात तर नाय जात. लय अडलंय का कुणाचं? पाणी दुसरं कुणी सोडवील."

पप्पा पेपरच्या आडून म्हणायचे, बेडूक मारून मारून ही एक दिवस पंतप्रधान होणार. खरंच, एकेका बेडकामागे वाढत आईच्या तिनीची ताकद माझ्या तिनीच्या दुप्पट झाली होती. जगात तिला हरवेल असं कोणी उरलं नव्हतं, आणि तिनं वेस ओलांडली नव्हती.

मी मात्र वरचं दाबणारी. डिप्लोमा केला, अंबडच्या कारखान्यात पार्ट तपासायच्या टेबलावर लागले. तिथं कळलं की जपानी येत असेल तर जपानला पाठवतात. कॉलेजरोडला क्लास लावला. पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, एक वर, एक खाली. मी बाकावरून ओरडलेच असते. ते विहिरीवरचे दोन शब्द होते. बारा वर्षं डोळ्यांत बसलेले.

वरचा शब्द 'हाय'. म्हणजे हो. सगळा वर्ग हसला, कारण निफाडची एक पोरगी पटकन म्हणाली, हाय म्हणजे हायच की! मलाही हसू आलं. आई मूळची सायखेड्याची, ती नोकरीच्या टेबलावर 'आहे' म्हणायची आणि घरात 'हाय'. मग मॅडमनी खालचा शब्द वाचला. 'ईये'. म्हणजे नाही.

ईये. मॅडम परत परत म्हणत होत्या आणि मला तो नुसता 'ये' ऐकू येत होता. आई गॅलरीतून हाक मारते तसा, आधीचा स्वर लांबवून. मी सातवीत थाप मारली होती खालचं येते म्हणून, आणि तो शब्द खरोखर तसाच निघाला होता. अर्थ मात्र 'नाही'. तुला गाव सोडायचं आहे का? नाही.

हे पळत जाऊन आईला सांगण्यासारखं होतं की नाही? मी सांगितलं नाही. घाबरले. ती लगेच म्हणाली असती, बघ, मग तू पण खालचंच दाब. माझं जायचं मनात पक्कं झालेलं, आणि आईच्या एका वाक्यानं मी ढेपाळते हे मला ठाऊक होतं. ठरवलं, तिकडे रुळल्यावर सांगू. फोनवर नाही, समोर बसून. तिचं तोंड बघायचं होतं मला तेव्हा.

जपानमधली पहिली दोन वर्षं कशी गेली ते सांगत नाही, तुमच्यापैकी जे गेलेत त्यांना माहीत आहे. लहानसं कारखान्याचं गाव, सायकलवरून शिफ्टला जायचं, कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचा गोळा घ्यायचा आणि त्याच्याबरोबर पिशवीतली शेंगदाण्याची चटणी खायची. सकाळी शेजारच्या दारातून बाहेर पडणारी बाई आत तोंड करून म्हणायची, 'इत्ते किमास'. आतून तिच्या सासूचा आवाज यायचा. डोक्यात ते नीट उलगडलं तेव्हा मी सायकल धरून तशीच उभी राहिले. जाऊन येते. ती रोज जाऊन येते म्हणत होती. आणि सासू म्हणत होती, जाऊन ये.

त्या दिवशी आईला फोन केला. "आई, इथंही जाते म्हणत नाहीत गं. जाऊन येते म्हणतात."

"मग चांगली माणसं हायेत," आई म्हणाली. तिच्या मनावरचं मोठं ओझं उतरलेलं आवाजात कळलं. मग म्हणाली, "तू म्हणतेस का?"

"कोणाला म्हणू? एकटी राहते मी."

"मला म्हणत जा."

चार-सहा महिने रोज सकाळी व्हॉइस मेसेज केला, आई, येते. मग शिफ्ट बदलली आणि राहून गेलं. तिनं कधी आठवण करून दिली नाही, आणि मी तेवढ्यावरच मोकळी झाले.

चौथ्या वर्षी कधीतरी जेवणाच्या सुट्टीत त्या गेमचा विषय निघाला. माझ्या वरचे हांचो, म्हणजे टीमचे मुकादम, पन्नाशीला आलेले गंभीर गृहस्थ. मी तिनीचं वर्णन केलं, तर त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. म्हणाले, तो गेम तू खेळलीस? भारतात? मी त्याच्या शेवटाला रडलो होतो. मी हसत म्हटलं, आमची सीडी खराब होती, शेवटी तिची आई दिसायचीच नाही. ते हळू म्हणाले, शीतल-सान, तो शेवटच तसा आहे. मुलगी परत येईपर्यंत आई गेलेली असते. मुलगी रिकाम्या चुलीपाशी उभी राहते आणि गेम संपतो.

मी डबा बंद केला. आईला ते तेव्हाच कळलं होतं, एक अक्षर न वाचता. मी तीनदा टूथपेस्ट लावत बसले होते.

दोनदा घरी येऊन गेले मी. पहिल्यांदा घर पाहुण्यांनी भरलेलं. दुसऱ्यांदा पिंकीचं लग्न, हॉल, आचारी, मान-पान, निघायच्या दिवशीही आईशी दोन शब्द धड झाले नाहीत. प्रत्येक वेळी विमानात बसल्यावर आठवायचं, अरे, ईये सांगायचं राहिलंच. पुढच्या वेळी नक्की. पुढची वेळ दोनदा पुढे ढकलली. एकदा कारखान्याचं ऑडिट, एकदा माझीच कंटाळलेली तब्येत. यंदा मार्चमध्ये येते म्हणून कबूल केलं होतं.

जानेवारीत, दुपारच्या शिफ्टला, पिंकीचा फोन आला. आई ऑफिसमधून निवृत्त होऊन वर्ष झालेलं. दळण आणून पिशवी खाली ठेवली, बसते जरा म्हणाली, आणि बसलेलीच राहिली. सीरियस आहे का विचारायची सोयच नव्हती. मी दोन विमानं बदलून पोचले तेव्हा सगळं उरकलेलं. त्यांनी तरी किती थांबायचं? जिना चढले. दार उघडं होतं, वाट अडवायला कोणी नव्हतं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. शेगडी होती, पुसून स्वच्छ. मी खोली फिरून बघितली. मागची गॅलरीसुद्धा बघितली. खरं सांगते, बघितली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातली मंडळी येऊन गेली, भाषणं झाली, सगळे म्हणाले बाई भली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा बाहेर खुर्चीवर पेपर घेऊन बसले, पान न उलटता. मी आणि पिंकी आईचं कपाट आवरत होतो. साड्यांच्या खाली, जुन्या परकराच्या तुकड्यात गुंडाळलेला तो गेम निघाला. कार्ड आत तसंच.

"खेळायची ती," पिंकी म्हणाली. "तू गेल्यावर पण. तुझा फोन झाला की लावायची. मी म्हटलं, आई, आता तरी पुढे जा. ऐकेल तर शपथ."

आम्ही लावला. टीव्ही नवीन होता, पण मागे त्या लाल-पिवळ्या पिनांची भोकं सापडली. यंत्र उलटं केलं, सीडी घरघरली आणि चालली. तीन जागा आल्या. आईच्या जागेवर वेळ लिहिलेली, नव्याण्णव तास एकोणसाठ मिनिटं. त्यापुढे त्या यंत्राला मोजताच येत नव्हतं.

तिनी घरात उभी होती, चुलीपाशी, आईसमोर. तिथंच साठवून ठेवलं होतं तिनं. मी बटण दाबलं. तिची आई बोलली आणि मी पहिल्यांदा ते वाचलं. लहान मुलांचा गेम, सगळी सोपी अक्षरं. 'दमलीस? बस थोडी.' एवढंच. जेवून जा असं नव्हतंच कुठे.

विहिरीपाशी गेले. म्हातारबुवानं विचारलं, गाव सोडून जायची तयारी आहे का? दोन शब्द आले. मी पिंकीला सांगितलं, वरचं हाय, म्हणजे हो. खालचं ईये, म्हणजे नाही. आईला सांगायचं होतं गं हे मला. नऊ वर्षं सांगायचं होतं. एवढं बोलले आणि मला रडू आवरेना. पिंकीनं मला जवळ घेतलं नाही. ती टीव्हीकडेच बघत होती.

"तू निघालीस ना त्या दिवशी," ती म्हणाली. "हॉर्न वाजत होता. आई काय म्हणाली माहितीय?"

मी मान हलवली.

"म्हणाली, हिनं वरचं दाबलं."

ते दोन शब्द समोर उघडे होते, वाट बघत. मग पिंकीनं माझ्या हातातून रिमोट घेतला आणि खालचं दाबलं. चौकटीत ओळ उमटली. इतकी वर्षं आई ती रोज बघत होती, तिला वाचता येत नव्हती, आणि मी एकदाही खालचं दाबून वाचली नव्हती. पिंकीनं विचारलं, काय म्हणतोय? मी वाचून दाखवलं.

म्हातारबुवा म्हणत होता, 'बरं. घाई नाही. तुझी आई खूश होईल.'

परत निघाले तेव्हा टॅक्सीवाल्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही. दारात पप्पा होते, पिंकी होती. मी बूट घातले, नीट लेस बांधली, आणि मोकळ्या चौकटीकडे बघून म्हटलं, येते. दारातलं ते जिला ऐकायचं होतं तिनं नऊ वर्षं वाट बघितली होती.

पिंके, तू कार्ड माझ्या पर्समध्ये टाकायला बघत होतीस आणि मी घेतलं नाही, तुला वाईट वाटलं असेल. इथं माझ्या खोलीत ते आणून मी काय करू? रोज सकाळी कुलूप लावताना बंद दाराला 'इत्ते किमास' म्हणते आता. आतून कोणी काही म्हणत नाही. ते कार्ड नाशिकरोडलाच राहू दे, आईच्या कपाटात, त्याच परकराच्या तुकड्यात. टीव्ही बदललात तरी फेकू नकोस. घर म्हणजे मला आता तेवढंच उरलंय, एक चूल आणि तिच्यापाशी उभी असलेली पोरगी, जिची आई अजून आहे. कधी लावलंस तर बेडूक मार, पाणी भर, वाटेल ते कर. फक्त वरचं दाबू नकोस. तिला घाई नाही.